जागा बदलणारी बेटे

चहूबाजूंनी पाणी असलेली जमीन म्हणजे बेट, हे आपण सारेच शाळेत शिकलो. पण रात्री इथे असलेले बेट सकाळी पलीकडे सरकलेले दिसले, असे कोणी सांगितले तर? तुम्ही म्हणाल, थापा मारू नका! पण थाप नव्हे. आपल्याच देशात, मणिपूर राज्यात, इंफाळच्या दक्षिणेला लोकटक नावाचे मोठे सरोवर आहे. तिथे अशी तरंगती बेटे आहेत. त्यांना ‘फुमडी’ म्हणतात.

गवत, पाणवनस्पती, कुजलेला पाला, मुळ्या आणि माती यांची गुंतवळ होऊन फुमडी तयार होते. कुठे वीतभर जाड, तर कुठे पुरुषभर. तिचा बराचसा भाग पाण्याखाली, थोडाच वर. वारा सुटला की सुटी फुमडी चालू लागते. मच्छीमार तिच्यावर झोपड्याही बांधत आले आहेत.

सर्वांत मोठी फुमडी सरोवराच्या आग्नेयेला आहे. तिथे १९७७ साली सुमारे ४० चौरस किलोमीटरचे कैबुल लामजाओ राष्ट्रीय उद्यान झाले. ‘सांगाई’ नावाचे हरीण मोकळ्या रानात फक्त इथेच राहते. १९७५ च्या मोजणीत ती अवघी १४ भरली होती. राखण झाली आणि २०१६ पर्यंत ती २६० झाली.

आता यातली मेख ऐका. पूर्वी उन्हाळ्यात पाणी ओसरले की फुमडी तळाला टेकायची. तिच्या मुळ्या चिखलातला कस ओढून घ्यायच्या. पावसाळ्यात पाणी चढले की धष्टपुष्ट होऊन ती पुन्हा वर यायची. १९८३ साली विजेसाठी इथाई येथे बंधारा झाला आणि पाणी बारमाही चढलेले राहू लागले. वीज आली, पण काठची भातशेती बुडाली. फुमडी तळाला टेकेना, तिच्या पोटाला मिळेना. ती पातळ होत चालली. उद्या तिला हरणाचा भार पेलेल का, हीच आता काळजी आहे.

आपण पाण्यासाठी आभाळाकडे डोळे लावतो, आणि तिकडे पाणी ओसरत नाही म्हणून घोर! पण कालव्याकाठी अतिपाण्याने चोपण झालेली राने ज्यांनी पाहिली, त्यांना हे निराळे सांगायला नको. पाण्याला जसे येणे हवे, तसे वेळेवर जाणेही हवे.