पाळी गेल्यानंतरचे दुखणे आणि मेडिकलमधली ट्यूब

"पाळी गेली, सुटले बाई एकदाची," असे आपल्याकडे पुष्कळ जणी म्हणतात. ते खोटेही नाही. पण पाळीबरोबर शरीरातले इस्ट्रोजेन हे संप्रेरकही कमी होते आणि त्याचा परिणाम बहुतेकींना पुढच्या काही वर्षांत जाणवू लागतो. योनीमार्गाचे अस्तर पातळ होते, ओलावा कमी होतो. आग होते, खाज येते, संबंधाच्या वेळी दुखते, कधी चिरते. लघवीची घाई होते, लघवी करताना जळजळते, लघवीचा जंतुसंसर्ग पुन्हा पुन्हा होतो. अंगातून वाफा येणे, घाम फुटणे हे त्रास काही वर्षांत बहुधा कमी होतात. हे दुखणे तसे नाही. उपचार केला नाही तर ते राहते आणि बहुतेक वेळा वाढते. आपल्या देशात पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते. म्हणजे पुढची पंचवीस-तीस वर्षे हे अंगावर काढायचे.

या दुखण्यावर औषध आहे. नवे नाही, जुने आणि तपासून झालेले आहे. तरी आपल्या वस्तीतल्या बाईपर्यंत ते क्वचितच पोचते, आणि पोचलेच तर कागदावरचे इशारे वाचून ती ते कपाटात टाकते. त्याऐवजी जे ती न घाबरता वापरते, त्यात खरा धोका असतो. भगिनींनो, माझे मत स्पष्ट आहे: तपासून, चिठ्ठीवर लिहून दिलेल्या औषधाला जितके आपण घाबरतो, तितके न विचारता आणलेल्या ट्यूबला घाबरत नाही. हे उलटे व्हायला हवे.

ती ट्यूब कशी येते ते सगळ्यांना माहीत आहे. मेडिकलच्या दुकानात चार पुरुष उभे असतात. बाई पदर सावरत म्हणते, "भाऊ, खाजेची एक ट्यूब द्या." कुठे खाजते ते ती सांगत नाही, तो विचारत नाही. तो गजकर्णावर खपणारी ट्यूब काढून देतो. तिच्यात बुरशीचे औषध असते, बहुधा एखादे अँटिबायोटिक असते, आणि क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोनसारखे जोरदार स्टिरॉइड असते. स्टिरॉइडमुळे दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून "गुण आला" असे वाटते. ट्यूब बंद केली की खाज परत येते, पुन्हा ट्यूब येते. असे महिनोन् महिने चालते. पण स्टिरॉइड दीर्घकाळ लावले की त्वचा पातळ होते. इथे दुखण्याचे मूळच पातळ झालेल्या अस्तरात आहे, त्यावर आपण आणखी पातळ करणारे औषध चोळतो. (काही त्वचारोगांत, उदाहरणार्थ त्या जागी पांढरे चट्टे येऊन खाज सुटते तेव्हा, डॉक्टर स्टिरॉइड मुद्दाम आणि मोजून देतात. ती गोष्ट वेगळी.)

तुरटीचे पाणी, डेटॉल, सुगंधी वॉश यांची गतही तीच. पाळी चालू असते त्या वयात योनीमार्गात चांगले जंतू असतात आणि ते तिथली आम्लता टिकवतात. इस्ट्रोजेन गेले की हे जंतू कमी होतात, आम्लता कमी होते, म्हणून संसर्ग लवकर होतो. उरलेसुरले संरक्षण आपण धुऊन काढायचे कशाला? साध्या पाण्याने बाहेरून धुवावे, आत काही घालू नये. आणि "अंगावरून जातं" एवढे ऐकून, न तपासता दर वेळी अँटिबायोटिकच्या गोळ्यांचे तेच पाकीट देणारा डॉक्टर असेल, तर त्याला विचारावे, "डॉक्टर, हा खरंच संसर्ग आहे की पाळी गेल्यामुळे आहे?"

आता खऱ्या औषधाविषयी. त्रास थोडा असेल तर संप्रेरक नसलेले मॉइश्चरायझर आठवड्यातून दोन-तीनदा आणि संबंधाच्या वेळी पाण्यावर आधारलेले वंगण, एवढ्याने भागते. त्याला चिठ्ठी लागत नाही. खोबरेल तेल पुष्कळ जणी वापरतात; निरोध वापरत असाल तर मात्र तेल नको, तेलाने निरोध फाटतो. एवढ्याने भागले नाही तर डॉक्टर योनीमार्गात लावायचे कमी मात्रेचे इस्ट्रोजेन लिहून देतात. आपल्याकडे एस्ट्रिऑलचे क्रीम मिळते, संयुक्त इस्ट्रोजेनचेही मिळते. एस्ट्रिऑलची नेहमीची पद्धत अशी: सुरुवातीचे दोन-तीन आठवडे रोज रात्री झोपताना, नंतर आठवड्यातून दोनदाच. क्रीमबरोबर एक नळी येते, तिच्यावर खूण असते, त्या खुणेपर्यंतच भरायची. एका वेळची मात्रा अर्धा ग्रॅम, म्हणजे वाटाण्याएवढी. जास्त लावल्याने लवकर गुण येत नाही, जास्त औषध रक्तात जाते एवढेच. तुमच्या चिठ्ठीवर वेगळे लिहिले असेल तर चिठ्ठीप्रमाणे करावे, कारण वेगवेगळ्या क्रीमची ताकद वेगळी असते. शेजारणीची ट्यूब आणि तुमची ट्यूब एक समजू नका.

नळी साबणाने आणि कोमट पाण्याने धुवून कोरडी करावी, उकळू नये. संबंधाच्या तोंडावर वंगण म्हणून हे क्रीम लावू नये, नवऱ्याच्या अंगाला औषध लागते. पहिले काही दिवस थोडे चुरचुरते, कारण अस्तर नाजूक झालेले असते. ते बरे होऊ लागले की थांबते. फरक दोन-तीन आठवड्यांत जाणवू लागतो, पूर्ण गुण यायला दोन-तीन महिने लागतात. इथेच पुष्कळ जणी चुकतात. आठ दिवस लावतात, "काही फरक नाही" म्हणून सोडतात आणि पुन्हा खाजेच्या ट्यूबकडे वळतात. काही जणी बरे वाटल्यावर सोडतात आणि चार महिन्यांत त्रास परत येतो. इस्ट्रोजेन शरीरात परत तयार होणार नसते, म्हणून आठवड्यातून दोनदाची मात्रा चालू ठेवावी लागते आणि वर्षातून एकदा तरी डॉक्टरांना दाखवावे लागते. लघवीचा संसर्ग वारंवार होणाऱ्या बायकांत या क्रीममुळे तो कमी होतो, हेही सांगायला हवे; कारण पन्नाशीनंतर महिन्या-दोन महिन्यांनी अँटिबायोटिक घेणाऱ्या कितीतरी जणींना हे कोणी सांगितलेलेच नसते.

मग भीती कसली? पुडक्यातला कागद उघडला की कर्करोग, लकवा, रक्ताच्या गुठळ्या, विस्मरण असे शब्द दिसतात. त्यांचे मूळ बरेचसे अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात आहे, ज्याचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. त्यात स्त्रियांना संप्रेरकाच्या गोळ्या तोंडाने दिल्या होत्या. गोळी सगळ्या शरीरात जाते. योनीमार्गातले कमी मात्रेचे क्रीम बहुतांशी जागेवरच काम करते, रक्तात फार थोडे जाते. त्याच प्रकल्पातल्या ४५ हजारांहून अधिक स्त्रियांच्या नोंदी पुढे तपासल्या, तेव्हा योनीमार्गातले इस्ट्रोजेन वापरणाऱ्यांत कर्करोग किंवा हृदयविकार वाढल्याचे आढळले नाही. हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. तरी गोळ्यांचा इशारा क्रीमच्या कागदावर तसाच छापला जात राहिला. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तो ठळक इशारा काढून टाकण्याचा निर्णय जाहीर केला. आपल्याकडच्या पुडक्यांत जुना कागद सापडला तर दचकू नका, पण तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा आणि विचारा.

याचा अर्थ कोणीही घ्यावे असा नाही. डॉक्टरने विचारले नाही तरी आपण सांगायच्या काही गोष्टी आहेत. स्तनाचा कर्करोग झाला असेल, विशेषतः अ‍ॅनास्ट्रोझोल किंवा लेट्रोझोल चालू असेल, तर कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे क्रीम सुरू करू नये. गर्भाशयाचा कर्करोग, पायात किंवा फुप्फुसात गाठ, लकवा, यकृताचा आजार यांपैकी काही झाले असेल तर सांगावे. साखरेच्या गोळ्या कोणत्या चालू आहेत तेही दाखवावे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, त्यामुळे त्या जागी बुरशी होऊन खाज येऊ शकते. तिथे इस्ट्रोजेन लावून खाज जाणार नाही. या दुखण्यावर ऑस्पेमिफीन नावाची तोंडाने घ्यायची गोळीही आहे, दिवसाला ६० मिलिग्रॅम, जेवणाबरोबर. ती सगळ्या शरीरात जाते, म्हणून गुठळीचा इतिहास असलेल्यांनी घेऊ नये. बुरशीवरच्या फ्लुकोनाझोलबरोबर ती घ्यायची नसते आणि टीबीच्या रिफॅम्पिसिनने तिचा परिणाम कमी होतो. मेडिकलमधून फ्लुकोनाझोलची एक गोळी सहज आणून घेणाऱ्या बाईला हे माहीत असायलाच हवे.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट रक्ताची. पाळी जाऊन एक वर्ष झाल्यानंतर एक थेंब जरी रक्त दिसले, संबंधानंतर दिसले, कपड्यावर गुलाबी डाग दिसला, तर आधी तपासणी, मग क्रीम. "परत पाळी आली वाटतं" म्हणून हसण्यावारी नेऊ नका. बहुतेक वेळा कारण साधे निघते, अस्तर पातळ झाल्यानेही रक्त येते. पण गर्भाशयाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची पहिली खूण हीच असू शकते. आतून तपासणी, गर्भाशयमुखाची तपासणी आणि सोनोग्राफी सरकारी रुग्णालयात होते. क्रीम चालू असताना रक्त दिसले तरी हेच.

हा विषय फक्त पन्नाशीतल्या बायकांचा नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचे प्रकरण गाजले. शासनाच्या समितीने केलेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यांत दलित आणि भटक्या समाजातल्या कितीतरी जणी होत्या, पुष्कळ जणी तिशी-चाळिशीच्याही आतल्या. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशय काढले तर पाळीचे वय संपण्याची वाट बघावी लागत नाही, इस्ट्रोजेन त्याच दिवशी थांबते. पण माझ्या माहितीतल्या बहुतेक जणींना आपले अंडाशय ठेवले की काढले हेच ठाऊक नसते. म्हणून ज्यांची पिशवी काढली आहे त्यांनी रुग्णालयातून सुट्टीचा कागद मिळवावा, नसेल तर अर्ज करून नक्कल मागावी, आणि डॉक्टरांना दाखवावी. कमी वयात अंडाशय काढलेल्या बाईला केवळ क्रीम पुरेसे नसते. हाडे आणि हृदय यांसाठी वेगळे उपचार लागू शकतात आणि तो निर्णय तज्ज्ञाने घ्यायचा असतो.

आता ज्या वाक्याची मला खरी चीड आहे ते: "या वयात तुम्हाला कशाला पाहिजे?" डॉक्टर म्हणतात, कधी सासू म्हणते, कधी बाई स्वतःच म्हणते. एक तर हे दुखणे संबंधापुरते नाही. विधवेला होते, एकटीला होते. बसताना, चालताना, लघवीला जाताना होते. आणि ज्यांना नवऱ्याबरोबर राहायचे आहे त्यांना वेदनेशिवाय राहायचा हक्क नाही का? दुखते म्हणून बाई दूर झोपते, नवरा भलताच संशय घेतो, घरात भांडणे होतात, आणि कारण दोघांपैकी एकालाही धड सांगता येत नाही. अशा कितीतरी घरांत डॉक्टरच्या एका चिठ्ठीने प्रश्न सुटला असता.

विहारात असले विषय नकोत, असे म्हणणाऱ्यांना मी एवढेच सांगेन: १९३४ साली र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे दिली हा त्यांचा गुन्हा. तेव्हा उच्च न्यायालयात कर्व्यांची बाजू बाबासाहेबांनी मांडली. आणि भिक्खूच्या चार आवश्यक गोष्टींत चीवर, भिक्षा आणि निवारा यांच्या बरोबरीने आजारपणातले औषध तथागतांनी ठेवले आहे.

डॉक्टरकडे जाताना एकटे जाऊ नका, मुलीला किंवा मैत्रिणीला घेऊन जा. पुरुष डॉक्टर तपासत असेल तर नर्सला शेजारी उभे राहायला सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे. तीस वर्षे नर्सिंग केल्यावर सांगते, अशी मागणी केल्याचा कुठल्याही चांगल्या डॉक्टरला राग येत नाही. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत न्या, ती खाजेची ट्यूबसुद्धा. औषध लिहून दिले की नाव, किती, कधी, किती दिवस हे चिठ्ठीवरच मराठीत लिहून मागा. मेडिकलमध्ये ट्यूब हातात आली की चिठ्ठीवरचे नाव आणि ट्यूबवरचे नाव जुळते का ते बघा. वाचता येत नसेल तर नातवंडाकडून वाचून घ्या. नाव जुळले नाही आणि दुकानदार "तेच आहे हो, दुसऱ्या कंपनीचं" म्हणाला, तर आतले घटक वाचून दाखव म्हणा, आणि तरी शंका राहिली तर पैसे न देता परत या.