आई कामावर, ताट अंगणवाडीत

सकाळी तलासरीहून मजुरांनी खच्चून भरलेल्या गाड्या उंबरगावच्या कारखान्यांकडे निघतात. मागे वर्षाचे पोर आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. ते रडू लागले की हातात पाच रुपयांचा बिस्किटपुडा, नाहीतर सकाळचीच पातळ पेज.

कुपोषणाचा विषय निघाला की 'या आयांना समजत नाही' असा सूर लागतो. तो अन्यायाचा आहे. नागलीची भाकर, उडदाची डाळ, सुकट, पावसाळ्यातली शेवळी-कंटोळी यांचे मोल वारली बाईला कोणी शिकवायला नको. तिच्याकडे पैसा नाही आणि वेळ त्याहून नाही.

१९९२-९३ मध्ये शेजारच्या जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीत बालके दगावली आणि सरकार हलले. २०१५ मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आली. गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे चौरस जेवण मिळू लागले. पुढे सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आठवड्यातून चार दिवस अंडे किंवा केळीही सुरू झाली. योजना चांगली आहे. जेवण अंगणवाडीतच बसून खावे, हेही शहाणपणाचे. डबा घरी नेला की तो साऱ्यांत वाटला जातो आणि आईला घासभर उरतो. पण भरदुपारी ती कारखान्यात किंवा चिकूच्या वाडीत राबत असेल, तर ते ताट तिच्यापर्यंत पोहोचणार कसे?

भातकापणी आटोपली की अनेक कुटुंबे गावच सोडतात आणि भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्या गाठतात. स्थलांतरितांची नोंद ठेवणारी राज्याची प्रणाली सुरुवातीलाच पालघरमध्ये आली. नोंद हवीच, पण वर्षाच्या मुलाला आईच्या दुधाशिवाय दिवसातून तीन-चारदा घट्ट अन्न लागते आणि ते भरवणारे माणूस लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) राज्यातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आहेत. ती अशाच उपाशी दुपारींतून घडतात.

पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघर कायद्याने बंधनकारक आहे. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडणारी केंद्राची पाळणा योजनाही आहे. पालघर जिल्हा परिषदेने डहाणू-तलासरीच्या मजूरवस्त्यांत ती आधी राबवावी, मातांचे जेवण कामाची गाडी सुटण्यापूर्वी द्यावे आणि येत्या दिवाळीआधी भट्टीमालकांकडून मुलांच्या जेवणाची सोय लेखी घ्यावी.