विमाने सिएटलला, बेटे जागच्या जागी

एखादी विमानकंपनी विकली गेली की तिच्या मोठ्या विमानांचे पुढे काय होणार, यावर लगेच पैजा लागतात. हवाईयन एअरलाइन्सच्या बाबतीत त्या अजून थांबलेल्या नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये सिएटलच्या अलास्का एअरलाइन्सने ही कंपनी १.९ अब्ज डॉलरला घ्यायचे ठरवले. त्यातले ९० कोटी डॉलर म्हणजे हवाईयनच्या डोक्यावरचे कर्ज होते. सप्टेंबर २०२४ मध्ये व्यवहार पुरा झाला. तेव्हापासून विमानवेड्यांच्या गप्पांत आणि वैमानिकांच्या कट्ट्यावर एकच विषय आहे. एअरबसची २४ ए-३३० विमाने आणि बोइंगकडे मागवलेली १२ ड्रीमलायनर, या ताफ्याचे अलास्का काय करणार?

या चर्चेत एअरबस राहणार की जाणार, शेपटीवर कुणाचे चित्र राहणार, कोणत्या विमानाला किती आयुष्य उरले आहे, हे सगळे येते. मलाही त्यात रस आहे, विमानांवर लिहिणाऱ्याला तो असणारच. पण हवाईच्या ज्या बेटांसाठी हा ताफा उभा राहिला त्या बेटांचे नाव या गप्पांत फार उशिरा निघते. होनोलुलूहून सॅन फ्रान्सिस्को सुमारे ३,८५० किलोमीटरवर आहे आणि मध्ये नुसता समुद्र आहे. एका बेटावरून दुसऱ्यावर जायलासुद्धा बहुतेक ठिकाणी विमानच लागते. २००७ मध्ये सुपरफेरी नावाची मोठी बोट सुरू झाली होती, ती पर्यावरणाच्या खटल्यात अडकून २००९ मध्ये बंद पडली. अशा जागी विमानांचा ताफा कुठे ठेवला जातो, हा प्रश्न कंपनीच्या हिशेबापुरता राहत नाही.

पैजा लावणाऱ्यांना दोष देता येणार नाही, कारण अलास्काचा पूर्वेतिहासच तसा आहे. २०१६ मध्ये तिने व्हर्जिन अमेरिका ही कंपनी २.६ अब्ज डॉलरला घेतली. प्रवाशांचा त्या नावावर जीव होता, तरी दोन वर्षांत ते नाव गेले. मग त्यांची एअरबस विमाने एकेक करून काढली, आणि सप्टेंबर २०२३ अखेर शेवटचे ए-३२१ निओसुद्धा सेवेतून बाद झाले. आता आमच्याकडे फक्त बोइंग, असे अलास्का अभिमानाने सांगू लागली. त्यानंतर जेमतेम दोन महिन्यांनी तिने जी कंपनी घ्यायचे जाहीर केले तिच्याकडे २४ ए-३३० आणि १८ ए-३२१ निओ होती! मग ही विमानेही त्याच वाटेने जाणार, असा अंदाज बांधायला कुणा तज्ज्ञाची गरज नव्हती.

हवाईयनची लांब पल्ल्याची कहाणी मुळातच खडतर आहे. १९२९ मध्ये पाण्यावर आणि जमिनीवर उतरू शकणाऱ्या छोट्या सिकोर्स्की विमानांनी बेटांमधली ने-आण सुरू करणारी ही कंपनी. दोनदा दिवाळखोरीत जाऊन सावरली. २०१० पासून तिने जुनी बोइंग ७६७ हळूहळू काढून ए-३३० आणली. त्यापुढच्या पिढीसाठी २००८ मध्येच ए-३५०-८०० मागवून ठेवले होते, पण एअरबसने तो नमुनाच सोडून दिला. त्याऐवजी ए-३३०-८०० घ्यायचे ठरले. पुढे त्या विमानाची मागणी नोंदवलेली जगातली एकमेव कंपनी हवाईयनच उरली, आणि २०१८ मध्ये तिने तीही रद्द करून बोइंग ७८७-९, म्हणजेच ड्रीमलायनर, निवडले. पहिले ७८७ होनोलुलूला आले फेब्रुवारी २०२४ मध्ये. सोळा वर्षे वाट पाहून नवे विमान दारात आले तेव्हा कंपनीच्या विक्रीचा करार होऊन दोन महिने लोटले होते.

ही विमाने कुणासाठी घेतली होती ते आत शिरल्यावर कळते. ए-३३० मध्ये मागच्या वर्गात खुर्च्यांची मांडणी दोन-चार-दोन अशी आहे. खिडकीकडे दोनच जागा, म्हणजे नवराबायकोला तिसऱ्या अनोळखी माणसाशेजारी बसावे लागत नाही. पुढच्या वर्गात आडव्या होणाऱ्या १८ खुर्च्या, त्याही दोन-दोन-दोन. कामासाठी एकटा फिरणारा प्रवासी अशा मांडणीवर नाक मुरडतो, कारण खिडकीतल्या माणसाला उठायचे तर शेजाऱ्याला ओलांडावे लागते. पण होनोलुलूला जाणारे बहुतेक जोडीने जातात आणि त्यांना हेच हवे असते. ड्रीमलायनरमध्ये कंपनीने पाऊल पुढे टाकले. एकूण ३०० जागांपैकी ३४ जागा दार लावता येणाऱ्या छोट्या खोल्यांच्या आणि छतावर चांदण्यांसारखे दिवे. सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांच्या जिवावर इतक्या महाग जागा रोज भरणे कठीणच होते. सिएटलसारख्या शहरातून मात्र त्या भरू शकतात. अलास्काची नजर इथेच गेली असणार.

आणि तसेच झाले. ड्रीमलायनर अलास्काच्या रंगात सिएटलला ठेवायचे ठरले, ए-३३० हवाईयनच्या नावाने होनोलुलूला. मे २०२५ मध्ये सिएटल–टोकियो सुरू झाले, सप्टेंबरमध्ये सिएटल–सोल. २०२६ साठी रोम आणि लंडन जाहीर झाले. २०३० पर्यंत सिएटलहून निदान १२ आंतरखंडीय शहरे जोडायची, असा कंपनीचा संकल्प आहे. सोलच्या बाबतीत जे घडले ते नीट पाहायला हवे. सिएटलहून सोलची सेवा सप्टेंबरात सुरू झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात होनोलुलूहून सोलला जाणारी सेवा बंद झाली.

धंद्याच्या बाजूने पाहिले तर मी अलास्काला चूक म्हणणार नाही. हवाईयन तोट्यात होती. येन घसरल्यामुळे जपानी पाहुणे कमी झाले होते. ऑगस्ट २०२३ मध्ये माउई बेटावर लाहाइना गाव जळाले आणि तिकडचे पर्यटन कोसळले. ए-३२१ निओची प्रॅट अँड व्हिटनी इंजिने तपासणीसाठी उतरवावी लागली, तेव्हा विमाने धड असून जमिनीवर उभी राहिली. त्यात २०१९ पासून साउथवेस्ट बेटांमधल्या मार्गांवर स्वस्त तिकिटे विकत होती. कुणी हात दिला नसता तर काय झाले असते, याचे उदाहरण होनोलुलूला माहीत आहे. अलोहा एअरलाइन्स ही दुसरी जुनी कंपनी मार्च २००८ अखेर बंद पडली, तीही जवळजवळ रातोरात. त्यामुळे ही खरेदी झालीच नसती तर बरे होते, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

सिएटलच्या बाजूने आपल्या लोकांचाही एक तर्क चालतो. रेडमंड, बेलव्ह्यू भागात मायक्रोसॉफ्ट, अॅमेझॉनमध्ये काम करणारी मराठी कुटुंबे आता चांगली रुळली आहेत. गावी यायचे तर दुबई, दोहा नाही तर युरोपात उतरून दुसरे विमान पकडायचे. पुण्याहून एकट्याने जाणाऱ्या आईवडिलांना त्या मधल्या विमानतळाचीच सगळ्यात जास्त धास्ती असते. म्हणून ड्रीमलायनर सिएटलला येणार म्हटल्यावर मुंबईची थेट सेवा कधी, हा प्रश्न तिथे निघणे साहजिक होते. त्याला एक आधारही आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने अलास्काशी हातमिळवणी करताना सिएटल–बेंगळुरू थेट सेवा जाहीर केली होती. आधी करोनाने ती लांबली, मग रद्दच झाली.

मला ही सेवा एवढ्यात दिसत नाही, आणि त्याचे कारण विमानांच्या हिशेबात आहे. सिएटलहून टोकियोला जायला साधारण १० तास, परतायला ९. मधला थांबा धरला तर एकच विमान चोवीस तासांत जाऊन येते. मुंबई सुमारे साडेबारा हजार किलोमीटरवर आहे. म्हणजे रोजच्या एका फेरीला निदान दोन विमाने अडकतात, आणि काही बिघडले तर हाताशी ठेवायला तिसरे लागते. त्यात सिएटलहून भारताचा जवळचा रस्ता उत्तरेकडून रशियावरून जातो, आणि अमेरिकी कंपन्यांना रशियाचे आकाश २०२२ पासून बंद आहे. वळसा घातला की इंधन वाढते आणि प्रवासी किंवा सामान कमी करावे लागते. युनायटेडची सॅन फ्रान्सिस्को–बेंगळुरू सेवाही जाहीर होऊन कधी सुरू होऊ शकली नाही. डझनभर ड्रीमलायनर असलेली कंपनी त्यातली दोन-तीन एका शहरावर लावणार नाही. त्याच विमानांत तिला लंडन आणि रोम दोन्ही मिळतात.

म्हणजे विमाने थोडी आणि मागणारे अनेक. अशा वेळी ओढाताणीत कोण मागे पडते हे पाहायचे असेल तर पागो पागोकडे पाहावे. हे अमेरिकन सामोआचे बंदर. होनोलुलूहून नैर्ऋत्येला सुमारे ४,२०० किलोमीटर, पाच-साडेपाच तासांचा प्रवास. अमेरिकन सामोआची लोकसंख्या पन्नास हजारांच्या आसपास. बाकीच्या अमेरिकेशी या बेटाला थेट जोडणारी विमानसेवा एकच, हवाईयनची, आणि तीही आठवड्यातून मोजक्या दिवशी. बेटावर एकच रुग्णालय आहे. तिथे जे उपचार होत नाहीत त्यासाठी होनोलुलू किंवा न्यूझीलंड गाठावे लागते. शिकायला गेलेली मुले, सैन्यात असलेले तरुण (या बेटातून अमेरिकी सैन्यात जाणाऱ्यांचे प्रमाण फार मोठे आहे), अंत्यविधीसाठी परतणारे नातेवाईक, सगळे याच विमानात. दुसऱ्या देशाची कंपनी होनोलुलूहून इथे प्रवासी आणू शकत नाही, कारण अमेरिकेच्या दोन ठिकाणांमधली वाहतूक अमेरिकी कंपनीनेच करायची असा कायदा आहे.

इथे ए-३३० ची जागा दुसऱ्या कुणी घेणे सोपे नाही. रुंद अंगाच्या विमानाच्या पोटात मालाचे मोठे डबे सरकवता येतात. ७३७ च्या पोटात सामान सुटे, हाताने रचावे लागते आणि जागाही फार कमी. उद्या कुणी कागदावर मांडले की पागो पागोला प्रवासी एवढेच, मग ७३७ मॅक्स पुरे, तर प्रवाशांच्या आकड्यापुरते ते बरोबरच असेल. पण ज्या बेटावर औषधे, ताजे अन्न, यंत्रांचे सुटे भाग विमानाने येतात, तिथे खालच्या पोटाचा हिशेब वरच्या खुर्च्यांइतकाच मोठा असतो. ताफ्यावरच्या गप्पांत हे पोट जवळजवळ कुणाच्याच बोलण्यात येत नाही, आणि मला त्याचेच सर्वात वाईट वाटते.

व्यवहाराला मान्यता देताना अमेरिकेच्या परिवहन खात्याने काही अटी घातल्या. बेटांमधल्या आणि मुख्य भूमीकडच्या महत्त्वाच्या मार्गांवर सेवा टिकवायची, प्रवाशांनी साठवलेल्या मैलांचे मोल घटवायचे नाही, अशा त्या होत्या. मुदत सहा वर्षांची, म्हणजे २०३० पर्यंत. होनोलुलू–सोलचे जे झाले ते पाहता परदेशी मार्गांना हे कवच नाही. आणि २०३० हे वर्ष मला सारखे टोचते. सरकारी अटी तेव्हा संपतात. सिएटलहून १२ शहरे जोडायचा संकल्पही त्याच वर्षाचा. आणि हवाईयनची पहिली ए-३३० विमाने तेव्हा वीस वर्षांची होतील. तिन्ही गोष्टी एकाच वर्षात येऊन पडणार आहेत.

ए-३३० लगेच विकली जातील, असे मला वाटत नाही. त्यांच्या अंतर्भागाचे नूतनीकरण करायचे कंपनीने जाहीर केले आहे, आणि दोन-चार वर्षांत काढून टाकायच्या विमानावर कुणी नव्या खुर्च्यांचा खर्च करत नाही. त्यांची रोल्स-रॉइस इंजिने जुनी पण भरवशाची आहेत. शिवाय ज्या विमानाचे पैसे बरेचसे फिटले आहेत ते थोडे जास्त इंधन प्याले तरी परवडते. अॅमेझॉनसाठी ए-३३० ची मालवाहू विमाने हवाईयनचेच वैमानिक चालवतात. त्यामुळे या विमानाचे प्रशिक्षण, कारागीर, सुट्या भागांचा साठा, हे सारे कंपनीला तसेही सांभाळायचेच आहे. एअरबस म्हणून काढून टाकतील, हा तर्क व्हर्जिन अमेरिकेच्या आठवणीवर उभा आहे. त्या वेळी अलास्काकडे त्याच आकाराची स्वतःची ७३७ होती. ए-३३० च्या बदल्यात होनोलुलूला ठेवायला आज तिच्याकडे काही नाही.

पण प्रश्नही तिथेच आहे. ए-३३० थकल्यावर पुढे काय? जानेवारी २०२६ मध्ये अलास्काने १०५ बोइंग ७३७-१० आणि आणखी ५ ड्रीमलायनरची मागणी नोंदवली. ७३७ मुख्य भूमीकडच्या मार्गांसाठी, ड्रीमलायनर सिएटलच्या विस्तारासाठी. होनोलुलूच्या ए-३३० ची जागा घेईल असे रुंद अंगाचे विमान त्या यादीत माझ्या नजरेला पडले नाही. आज नोंदवलेले विमान हातात यायला पाच-सात वर्षे लागतात. म्हणजे २०३० नंतर होनोलुलूहून सिडनी, टोकियो आणि पागो पागोला कोणते विमान उडेल, याचा निर्णय येत्या वर्षा-दोन वर्षांत होणार आहे.

म्हणून हवाईच्या राज्य सरकारने, तिथल्या खासदारांनी आणि अमेरिकन सामोआच्या प्रतिनिधीने कंपनीला आत्ताच बोलावून विचारले पाहिजे. शेपटीवरचे चित्र टिकवणार का, हे विचारून वेळ घालवू नये. ते टिकेल, त्याला खर्च नाही. ए-३३० ची जागा घेणारी किती विमाने होनोलुलूला ठेवणार, कोणत्या वर्षापासून, त्यांच्या पोटात किती टन माल जाईल, आणि परिवहन खात्याच्या अटींची मुदत वाढवायला कंपनी तयार आहे का, हे लेखी मागावे. अटी संपल्यावर यातले काहीच मागता येणार नाही.