नद्यांवर लागलेला निकाल

अमेरिकेच्या यादवी युद्धातील आरमाराचा विषय निघाला की मार्च १८६२ मधली ‘मॉनिटर’ आणि ‘व्हर्जिनिया’ या चिलखती नौकांची झुंज हमखास सांगितली जाते. ती झुंज बरोबरीत सुटली. युद्धाचे पारडे फिरवले ते टेनेसी, कंबरलँड आणि मिसिसिपी या नद्यांत फिरणाऱ्या बेढब, वाफेवर चालणाऱ्या गनबोटींनी, आणि इतिहासाने त्यांचे श्रेय त्यांना द्यायला हवे. शिडाच्या जहाजाला प्रवाहाविरुद्ध वर जाणे जवळजवळ अशक्य. वाफेने ती अडचण दूर केली. जेम्स ईड्सने उत्तरेच्या सरकारसाठी बांधलेल्या सात बोटींवर प्रत्येकी १३ तोफा होत्या, तरी त्यांना सुमारे सहा फूट पाणी पुरे. ऑगस्ट १८६१ मध्ये कंत्राट झाले आणि जानेवारी १८६२ मध्ये त्या ताफ्यात दाखल झाल्या. ६ फेब्रुवारीला उत्तरेचा सेनापती ग्रँट याची फौज पोहोचण्याआधीच या बोटींच्या माऱ्यापुढे फोर्ट हेन्री शरण आला आणि टेनेसी नदी थेट अलाबामापर्यंत उत्तरेला मोकळी झाली.

यावर कोणी म्हणेल की आठच दिवसांनी फोर्ट डोनेल्सनच्या तोफांनी याच बोटींना माघार घ्यायला लावली आणि तो किल्ला पायदळाने घेतला. ते खरेच आहे. एकट्या गनबोटींनी युद्ध जिंकले असा दावा कोणी करू नये. पण पायदळाला कुमक आणि रसद पोहोचत होती ती नदीतूनच. १६ एप्रिल १८६३ च्या रात्री उत्तरेच्या आरमाराचा अधिकारी पोर्टर याचा ताफा मिसिसिपीवरच्या व्हिक्सबर्गच्या तोफांखालून निघाला नसता, तर ग्रँटची फौज दक्षिणेकडे नदी ओलांडू शकली नसती. ४ जुलैला व्हिक्सबर्ग पडले आणि लवकरच दक्षिणेचे दोन तुकडे झाले. दुसरा आक्षेप उत्तरेने दक्षिणेच्या बंदरांभोवती घातलेल्या सागरी नाकेबंदीवर आहे: ती चुकवून बरीच जहाजे सुटत होती. सुटत होती, पण ती वेगासाठी बांधलेली, थोडाच माल नेणारी जहाजे होती. कापसाची निर्यात कोसळली, हे मुंबईइतके कोणाला ठाऊक? इथे कापसाचे भाव गगनाला भिडले, प्रेमचंद रायचंद यांच्या काळातली सट्टेबाजी फोफावली आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच बाजार गडगडला.

या विजयाची किंमत बॉयलरजवळच्या माणसांनी मोजली. जून १८६२ मध्ये व्हाइट नदीवर ‘माउंड सिटी’ या गनबोटीच्या वाफेच्या यंत्रणेत एकच गोळा घुसला आणि सुटलेल्या वाफेने व त्यानंतरच्या गोंधळात शंभरहून अधिक माणसे गेली. उत्तरेच्या आरमारात सुमारे १८ हजार कृष्णवर्णीय खलाशी होते. त्यांतले अनेक गुलामगिरीतून निसटून आलेले, आणि कोळसा वाहण्याचे, भट्टी पेटती ठेवण्याचे काम बहुधा त्यांच्याच वाट्याला येई. गुलामगिरी मोडणाऱ्या युद्धाचा इतिहास सेनापतींच्या नावांवर थांबत असेल, तर तो अपुरा आहे. त्यात भट्टीपुढच्या या माणसांना मानाचे पान मिळालेच पाहिजे.