हिरवी आश्वासने आणि बुजलेली बावखले

वसईत महापालिकेची निवडणूक आली की प्रत्येक पक्षाच्या पत्रकावर हिरवळ उगवते. एकाच्या पत्रकावर केळीची बाग, दुसऱ्याच्या पत्रकावर माडांची रांग, तिसऱ्याच्या हातात रोपटे. 'वसईचे हिरवेपण जपू' हे वाक्य सर्वांच्याच तोंडी असते. परंतु जे सर्वच म्हणतात, त्यावरून मतदाराने निवड करावी ती कशी? माझे म्हणणे एवढेच की, नगरसेवकपदाच्या उमेदवाराचे पर्यावरणविषयक धोरण वृक्षारोपणाच्या छायाचित्रावरून ठरवू नये, जमिनीच्या नकाशावरून ठरवावे. कोणत्या जमिनीवर आपण बांधकाम होऊ देणार नाही, हे जो सांगत नाही, त्याला धोरणच नाही असे खुशाल समजावे.

पर्यावरण हा दिल्ली-मुंबईच्या सरकारांचा विषय. नगरसेवकाने गटारे आणि रस्त्यावरचे दिवे पाहावेत, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. हा भ्रम आहे. 1 जून 1993 रोजी अंमलात आलेल्या 74 व्या घटनादुरुस्तीने संविधानाला बारावी अनुसूची जोडली. नगरनियोजन, जमिनीच्या वापराचे व बांधकामाचे नियमन, पाणीपुरवठा, घनकचरा आणि पर्यावरणाचे संरक्षण हे सारे विषय तिच्यात नगरसंस्थांच्या नावे लिहिलेले आहेत. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 67 अ नुसार आयुक्ताने दरवर्षी 31 जुलैपूर्वी शहराच्या पर्यावरणस्थितीचा अहवाल महापालिकेपुढे ठेवावयाचा असतो. वसई-विरारमध्ये जून 2020 पासून जानेवारी 2026 पर्यंत निर्वाचित सभागृहच नव्हते, कारभार प्रशासकाच्या हाती होता. अहवाल मांडणारा आणि तो स्वीकारणारा एकच, अशी ती अवस्था! 15 जानेवारी 2026 च्या मतदानाने सभागृह परत आले. त्या प्रचारात दाराशी आलेल्या उमेदवारांपैकी किती जणांना आपण विचारले, 'बाबा रे, हा अहवाल तू कधी उघडून पाहिला आहेस काय?'

आता नकाशाकडे वळू. वसई-विरारचा मंजूर विकास आराखडा 2001 ते 2021 या काळासाठी होता. ती मुदत सरली. आराखड्यातील आरक्षणांचे काय होते, याचे उदाहरण नालासोपाऱ्यात आहे. सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आणि कचराभूमी यांसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर तेथे तब्बल 41 अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या. 2024 मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला आणि 2025 च्या आरंभी त्या भुईसपाट झाल्या. दोन हजारांहून अधिक कुटुंबांचा संसार उघड्यावर आला. एका रात्रीत 41 इमारती उभ्या राहत नाहीत. त्या चढत असताना या शहराला नगरसेवक होते, अधिकारी होते, पक्ष होते आणि हरित वसईची आश्वासनेही होती.

'माणसांना घरे नकोत काय?' असा प्रश्न विचारून पर्यावरणाची बाजू घेणाऱ्यांना गप्प करण्याची रीत जुनी आहे. माणसांना घरे हवीतच. म्हणूनच आरक्षण पाळले पाहिजे. नालासोपाऱ्यातले रहिवासी श्रीमंत नव्हते. आयुष्याची पुंजी घालून त्यांनी ती घरे घेतली होती. आरक्षण मोडणाऱ्याने नफा नेला आणि शिक्षा गरिबाला झाली. जमिनीचा अन्याय आणि माणसाचा अन्याय हे वेगळे काढता येत नाहीत, हेच पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात परोपरीने सांगितले होते.

दुसरा दावा पाण्याचा. सूर्या प्रकल्पातून वसई-विरारसाठी दररोज 185 दशलक्ष लिटर पाणी मंजूर झाले. 2023 च्या अखेरीपासून ते येऊ लागले, आणि त्याचे श्रेय घेणाऱ्यांची रांग लागली. पाणी आले, आनंद आहे. पण आलेले पाणी सांडपाणी होऊन जाते कोठे? ते शुद्ध करण्यासाठी ठेवलेल्या जागेवर इमारती चढत असतील, तर ते खाडीत आणि समुद्रातच जाणार. नळाचे श्रेय घेणाऱ्याने गटाराचाही हिशेब द्यावा.

जुलै 2018 मधला पूर आठवून पाहा. वस्त्या दिवसेंदिवस पाण्यात, रेल्वे ठप्प, वीज नाही, मिठागरात माणसे अडकलेली. पाणी आभाळातून आले हे खरे. पण ते साचले कशामुळे? ज्या खाजणांत, शेतांत आणि नाल्यांत ते विसावत असे, तेथे भराव पडला होता. आपल्या पूर्वजांनी वाडीवाडीत बावखले राखली होती. पावसाचे पाणी बावखलात साठे, जमिनीत मुरे, विहिरी गोड राहत, केळी व पानवेली जगत. अशी कितीतरी बावखले बुजली.

आणि ती बुजविणारे सगळेच बाहेरचे नव्हते, हे आपण स्पष्ट बोलले पाहिजे. 1980 च्या दशकाच्या अखेरीस टँकरच्या पाणीउपशाविरुद्ध आणि बिल्डरांच्या आक्रमणाविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली, तेव्हा गावेच्या गावे रस्त्यावर आली होती. 25 जुलै 2024 रोजी फादर आपल्यातून गेले. त्यांचे छायाचित्र घरात लावायचे आणि घरामागचे बावखल बुजवून चाळ उठवायची, हा आदर नव्हे. विहिरीचे पाणी टँकरला विकणाऱ्याने महापालिकेला नावे ठेवू नयेत. उमेदवारही हे ओळखून असतात. आपल्या लग्नाला, मयताला, सणाला जो हजर राहतो तो 'आपला माणूस', एवढ्यावर आपले मत मिळते हे त्यांना ठाऊक आहे. मग ते खाजणाविषयी कशाला बोलतील?

म्हणून धर्मग्रामातील कुटुंबांनी, कोणत्याही पक्षाचा झेंडा न धरता, आपापल्या प्रभागाच्या प्रतिनिधीकडे आणि पुढे येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराकडे लेखी उत्तरे मागावीत. आराखड्यातील आरक्षण बदलण्याचा प्रस्ताव आला तर तुमचे मत कोणत्या बाजूला पडेल? प्रभागातली उरलेली बावखले आणि नाले मोजून त्यांची यादी जाहीर कराल काय? वृक्ष प्राधिकरणात तोडीच्या कोणत्या अर्जांना तुम्ही संमती दिलीत? गोखिवऱ्याच्या कचराभूमीच्या आगी थांबविण्यासाठी किती खर्चाची मागणी केलीत? दरवर्षी 31 जुलैनंतर सभा घेऊन पर्यावरण अहवाल आम्हांला समजावून सांगाल काय?

ही उत्तरे जपून ठेवावीत आणि पाच वर्षांनी ताडून पाहावीत. जो उत्तर देण्याचे टाळील, तो आपल्या सणाला पहिल्या रांगेत बसत असला तरी त्याला मत देऊ नये. आदरातिथ्य करावे, पानसुपारी द्यावी. मत मात्र देऊ नये.