गवतपड

सव्वीस वर्षं मी तलाठी होते. सात-बारावर एक रकाना असतो, लागवडीसाठी उपलब्ध नसलेल्या जमिनीचा. त्यात जमिनीचं स्वरूप लिहायचं आणि क्षेत्र लिहायचं. तेव्हाच्या नगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिण भागात माझी बरीच नोकरी झाली. तिथे हा रकाना सहसा कोरा राहत नाही. 'गवतपड' हा शब्द मी त्यात किती वेळा लिहिला, याची मोजदाद नाही. पीकपाहणीला जायचं, माळावर एक नजर टाकायची, 'पड' म्हणायचं आणि पुढच्या गटाकडे वळायचं. या फेब्रुवारीच्या अखेरीला गुजरातेत वेळावदरला दोन दिवस राहून आले, तेव्हापासून तो शब्द मला टोचतो आहे.

लेक अहमदाबादला असते. तिच्याकडे गेलो होतो, तर ती म्हणाली, "आई, गीर नको, गर्दी असते. वेळावदरला जा." तीन तासांचा रस्ता. धोलेरा मागे पडलं की जमीन अशी सपाट होते, की नजरेला अडायला काही उरत नाही. हा भाल प्रदेश, खंबातच्या आखाताला लागून. रस्त्याच्या कडेला भालिया गहू उभा होता. यांचं लहानपण शेतावर गेलेलं, त्यामुळे गाडी थांबवून चौकशी झालीच. पेरल्यापासून पाण्याची एक पाळीही दिलेली नाही, पावसाळ्यातल्या ओलीवर पीक आलंय, हे ऐकून हे बराच वेळ बांधावर उभे राहिले.

वेळावदरचं काळवीट राष्ट्रीय उद्यान अवघं 34 चौरस किलोमीटरचं आहे. एके काळी ही भावनगर संस्थानाची राखीव गवताची जमीन होती. पाळलेले चित्ते काळविटांवर सोडण्याचा खेळ इथे चालायचा. आपल्या कोल्हापूर दरबारातही तो शौक होता. देशातला चित्ता संपला, गवत आणि काळवीट राहिले, आणि 1976 साली इथे उद्यान झालं. इथे वाघ नाही, सिंहासाठीही कोणी येत नाही. त्यामुळे जीपांची रांग नाही, आरडाओरडा नाही. सकाळी फाटकापाशी आमच्यासह तीनच गाड्या होत्या.

सोबतचा वाटाड्या शेजारच्या गावातला. त्याने पहिल्यांदा काय दाखवावं? गवत. "बेन, आ जींजवो," म्हणाला. खाली वाकून पाहिलं, तर आपलं मारवेल! आमच्याकडच्या म्हशी ज्याच्यासाठी दावं तोडतात ते. मी ते गवत जन्मापासून पाहते आहे, पण कोणी पाहुण्याला कौतुकाने दाखवण्याजोगं ते असतं, हे मला ठाऊक नव्हतं.

मग काळवीट दिसले, एका नजरेत शे-दीडशे. एका मोकळ्या, चरून तासलेल्या जागेवर काळेभोर नर आपापला तुकडा धरून उभे होते. प्रत्येकाच्या तुकड्यात लेंड्यांचा ढीग, तीच त्याची हद्दीची खूण. शेपटी पाठीवर वळवलेली, मान मागे टाकलेली, नाक आभाळाकडे. अशा ऐटीत तो आपल्या हद्दीवरून फिरतो. शेजारी आत शिरला की शिंगाला शिंग भिडतं. माद्या येतात, सगळं हिंडून बघतात आणि आपला नर आपण निवडतात. माझी निम्मी नोकरी बांधांच्या तक्रारी ऐकण्यात गेली. हातभर जागेचं मोल जनावरालाही इतकं असतं, हे पाहून मी गप्प झाले. आणि ती जागा कुठली? मी असते तर जिच्यापुढे 'पड' लिहिलं असतं, तीच.

दुपारी ऊन तापलं. गवतात दोन लांडगे दिसले, एक क्षणभर, मग पिवळ्यात पिवळं मिसळून गेलं. खरी गोष्ट संध्याकाळची. सूर्य कलला तसे चारी बाजूंच्या शेतांवरून भोवत्या जातीचे शिकारी पक्षी येऊ लागले. आधी एकटे-दुकटे, मग डझनांनी, मग मोजणंच सोडून दिलं. मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशांतून हे पक्षी हिवाळ्यात इथे उतरतात. भोवत्यांच्या रात्रमुक्कामाच्या जगातल्या सर्वांत मोठ्या ठिकाणांत वेळावदरची गणना होते. दिवसभर आसपासच्या शेतांवर टोळ, नाकतोडे टिपायचे आणि रात्री परतायचं. मी झाड शोधत होते, हे बसणार कुठे? ते गवतातच उतरले. जमिनीवर. पंख मिटले आणि दिसेनासे झाले. हजारो कोस उडून आलेला पक्षी रात्री जमिनीवर झोपतो, कारण त्याला झाड नको असतं, उंच गवत हवं असतं.

तणमोराचंही तेच. तो इथे पावसाळ्यात वीण करतो. गवताच्या वर दिसावं म्हणून नर दिवसातून शेकडो वेळा उंच उडी घेतो, आणि मादी अंडी घालते ती जमिनीवर. त्या दिवसांत उद्यान बंद असतं, ते योग्यच आहे.

वाटाड्याने एका कोपऱ्यात वेड्या बाभळीची झुडपं दाखवली. परदेशी झाड, खारं रान पसरू नये म्हणून या भागात लावलेलं. त्याच्या शेंगा काळवीट आणि नीलगाय खातात, लेंड्यांतून बी पसरतं आणि गवताची जागा बाभूळ खाते. म्हणून इथलं वनखातं बाभूळ उपटतं. झाड उपटणारं वनखातं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

तेव्हा मला वीसेक वर्षांपूर्वीचं एक गाव आठवलं. गावाजवळच्या माळावर वृक्षलागवड मंजूर झाली होती. जमीन पडीक असल्याचा दाखला माझ्या सहीचा. कुसळी आणि मारवेलाचा तो माळ खड्ड्यांनी भरला, ग्लिरिसिडियाची रोपं लागली, भोवती तार आली. एक म्हातारे धनगर माझ्यापाशी येऊन म्हणाले, "बाई, तार घातली, आता मेंढरं कुठं न्यायची?" मी म्हणाले, "बाबा, झाडं वाढली की पाऊस वाढेल." मला तसं खरंच वाटत होतं. आज मला माहीत आहे, की कमी पावसाच्या त्या मुलखात माळ हीच पूर्ण वाढलेली गोष्ट होती. तिचा कस मुळांत, जमिनीखाली होता. मेंढरं, लांडगा, खोकड, चंडोल, सगळ्यांचा संसार त्या उघडेपणावर चालत होता. उघड्यावर काळवीट लांबून धोका पाहतो आणि धावून वाचतो. झाडोऱ्यात त्याचे डोळेही निकामी आणि पायही.

महाराष्ट्राने माळढोकासाठी 1979 साली अभयारण्य केलं. सोलापूर जिल्ह्यातलं नान्नज हे त्याचंच एक नाव. आज तिथे माळढोक दिसणं दुर्मीळ. कर्जत तालुक्यातलं रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं. बाकीचा माळ कुठे गेला, तर उसात, वसाहतींत, रोपवनांत, आणि प्रत्येक ठिकाणी आधी कागदावर तो 'पडीक' होता. शेतकऱ्याने आपलं रान भिजवलं, त्याला दोष देणार नाही. त्यालाही पोट आहे. पण सरकारी पैशाने, पर्यावरणाच्या नावाने गवत मारायचं, हे थांबलं पाहिजे. गवताळ माळाला महसुली दफ्तरात स्वतःचं, मानाचं नाव मिळालं पाहिजे, आणि लागवडीच्या उद्दिष्टातून तो वगळला पाहिजे. झाडं जरूर लावा. ती गावठाणात लावा, ओढ्याकाठी लावा, रस्त्याकडेला लावा, जिथे पूर्वी झाडं होती तिथे लावा.

तलाठी कार्यालयांत आज बसणाऱ्या माझ्या भावा-बहिणींना एक विनंती आहे. लागवडीसाठी पडीक जमिनीचा दाखला मागितला जाईल, तेव्हा सही करण्याआधी त्या माळावर एकदा संध्याकाळी जा. गावातल्या मेंढपाळाला सोबत घ्या, आणि तिथे कोण कोण राहतं ते त्याला विचारा.