चोवीस वाद्यें आणि एक कान

आमच्या वाचकांपैकीं ज्यांचे चिरंजीव अमेरिकेंत स्थायिक झाले आहेत, त्यांच्या कानीं हें नवल एव्हांना आलें असेल: शाळेच्या एका खोलींत चोवीस मुलें चोवीस पियानो एकाच वेळीं वाजवीत आहेत, आणि दारांत उभ्या राहिलेल्या माणसास पट्ट्यांच्या टकटकीवांचून कांहींएक ऐकूं येत नाहीं! प्रकार नवा मात्र नाहीं. विजेच्या पियानोंचा असा पहिला वर्ग इंडियाना राज्यांतील मन्सी येथील बॉल स्टेट अध्यापक महाविद्यालयांत १९५६ सालीं मांडला गेला, असें तिकडील संगीतशिक्षणाच्या इतिहासांत नमूद आहे.

या वर्गाचा सर्व कारभार शिक्षकाच्या मेजावरील एका पेटीवर चालतो. तीस कन्सोल म्हणतात. प्रत्येक वाद्याचा ध्वनि तारेनें तिच्याकडे येतो. मुलाच्या कानांवर हेडफोन व तोंडाशीं बारीकसा मायक्रोफोन असतो. एरव्हीं ज्याचें वादन त्यालाच ऐकूं येतें. शिक्षकानें एखाद्याची कळ दाबली कीं त्याचें वादन ऐकतां येतें व त्याच्याशीं बोलतांहि येतें. शेजाऱ्यास त्याचा पत्ता नसतो. स्वतः वाजवून दाखवावयाचें तर तें सर्वांच्या कानीं एकदम घालतां येतें. दोघांची जोडी जुळवून दिली म्हणजे तेवढे दोघे एकमेकांस ऐकून सहवादन करितात.

पाठशाळेंत संथा देतांना दहा बटु एकदम म्हणत, आणि गुरुजींचा कान त्या गलबल्यांतूनहि एखाद्याचा चुकलेला ऱ्हस्व-दीर्घ टिपून घेई. पण तेथें दहाहि जणांच्या मुखीं ऋचा एकच असे. येथें कोणी पहिल्या धड्यावर, तर कोणी सातव्यावर; तेव्हां त्या गुरुजींचाहि येथें निभाव लागला नसता. शिवाय लाजऱ्या मुलास या पेटीचा मोठा आधार आहे. चुकलेला स्वर शिक्षकावांचून कोणीं ऐकलेला नसतो, म्हणून तें मूल पुन्हां वाजवून पाहण्यास धजतें.

परंतु आपण ऐकत आहों हें मुलास कळूं न देतां ऐकावें काय? कळवावें तर बोटें अडखळतात. न कळवावें तर तो चोरून ठेवलेला पहारा होतो. आमच्या मतें, "मी केव्हांहि कोणाचेंहि ऐकेन," असें शिक्षकानें पहिल्याच दिवशीं वर्गांत उघड सांगून टाकावें. मग प्रत्येक वेळीं दवंडी पिटण्याचें कारण नाहीं.

याहून मोठा धोका निराळाच आहे. कन्सोलास कान आहे, डोळा नाहीं. पाश्चात्त्य सप्तक उजव्या हातानें चढतांना स्वर आठ आणि बोटें पांच. म्हणून तिसऱ्या स्वरानंतर अंगठा मधल्या बोटाखालून पुढें घ्यावयाचा असतो. तसें न करितां मुलानें हात उचलून पुढें टाकला, तरी संथ लयींत स्वर बरोबरच येतात. हेडफोन लावून बसलेला शिक्षक "शाबास" म्हणून दुसऱ्याची कळ दाबतो. दोन महिन्यांनीं लय वाढली कीं तेंच सप्तक मध्येंच तुटतें, आणि तोंवर खोड हाडींमाशीं खिळलेली असते. मनगट खालीं लोंबूं देण्याचेंहि असेंच. म्हणून शिक्षकानें अर्धा वेळ तरी खुर्ची सोडून मुलांच्या पाठीशीं फिरलें पाहिजे. हल्लींचे कांहीं कन्सोल हातांतील टॅब्लेटवरून चालवितां येतात. तेव्हां बसून राहण्यास सबबहि उरलेली नाहीं.

वर्गाच्या अखेरीस हेडफोन काढून मुलांनीं एकमेकांसमोर उघड्या आवाजांत वाजवावें, हेंहि आम्हांस अगत्याचें वाटतें. केवळ स्वतःचेंच ऐकत वाढलेल्या मुलास दुसऱ्याबरोबर थांबणें लवकर साधत नाहीं.

घरच्या वडील मंडळींस यांत करण्याजोगें थोडें आहे, पण अगदींच नाहीं असें नव्हे. नातवास व्हिडिओवर वाजवावयास सांगाल तेव्हां कॅमेरा तोंडाकडे न धरितां हातांकडे धरण्यास सांगावें. अंगठा मधल्या बोटाखालून जातो कीं हात उडी मारतो, हें पियानो न येणाऱ्या आजोबांसहि दिसतें.